बंडखोर, मोगलाई व स्वराज्य : खानदेशच्या कागदांतील कांहीं राजकीय शब्दांचा विचार

जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्यांस ज्या अडचणी नेहमीं येतात, त्यांपैकीं बहुतेकांचा बोभाटा पूर्वींच झालेला आहे. मोडी अक्षर लागत नाहीं, कसरीनें मधला मजकूर खाल्लेला असतो, पत्राच्या शेवटीं छ असतो तर साल नसतें. या अडचणी परिचयाच्या आहेत व त्यांवर थोडेफार उपायहि ठाऊक आहेत. परंतु शब्द स्वच्छ लागतो, तो आपण रोज बोलतों, त्याचा अर्थ कोणास विचारावा असें मनांतहि येत नाहीं, आणि नेमका तेथेंच वाचणाऱ्याचा घात होतो, या अडचणीविषयीं फारसें कोणी लिहिलेलें नाहीं. बंड, फितूर, गनीम, खंडणी, मोगलाई, स्वराज्य हे शब्द या जातीचे होत.

जळगांवच्या बाजारांत किंवा धुळ्याच्या कचेरीच्या आवारांत चाललेला एखादा वाद घटकाभर ऐकावा. पाण्याची पाळी चुकली कीं ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असें एकजण म्हणतो. पंचांत मत फिरविणाऱ्यास दुसरा ‘फितूर’ म्हणून मोकळा होतो. तिसरा कोणी वर्गणी मागावयास येतांच ती ‘खंडणी’ ठरते. रागाच्या भरांत शब्द असेच वापरले जातात व त्यांत नवल नाहीं. पण हाच वाद करणारा मनुष्य पुढें जुन्या कागदाचा आधार शोधूं लागतो, आणि ‘पहा, अस्सल कागदांतच अमक्यास बंडखोर म्हटलें आहे’ असें सांगतो, तेव्हां गोष्ट निराळी होते. कागदांत तो शब्द आहे हें खरें. पण तो कागदांत जें सांगतो तें वादांत सांगत नाहीं. दप्तरांतील राजकीय शब्द बहुधा एक नातें सांगतो : कोण कोणाचा चाकर, कोणाचा अंमल कोणत्या गांवावर, कोणीं कोणास काय देणें. वादांतील तोच शब्द मनुष्याचा गुण किंवा अवगुण सांगतो. नातें गळून जातें व शिवी किंवा स्तुति तेवढी शिल्लक राहते. हा फरक खानदेशच्याच उदाहरणांनीं दाखवावा असा आमचा हेतु आहे.

प्रथम मोगलाई व स्वराज्य ही जोडी घेऊं. आज पहिला शब्द अंदाधुंदीचा वाचक झाला आहे व दुसरा सर्व मांगल्याचा. हिशेबी कागदांत मात्र हे दोन्ही शब्द शेजारीशेजारीं, एकाच गांवाच्या खालीं, एकाच कारकुनाच्या हातचे सांपडतात. आणि कारकुनास त्यांपैकीं एकाचा संताप किंवा दुसऱ्याचा अभिमान वाटत होता असें अक्षरावरून तरी दिसत नाहीं. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून ज्या सनदा आणिल्या त्या तीन बाबींच्या होत्या : स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी. स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींच्या ताब्यांत होता तो मुलूख. चौथाई व सरदेशमुखी या दक्षिणच्या सहा सुभ्यांवरील वसुलाच्या बाबी. एक शेंकडा २५ ची व दुसरी शेंकडा १० ची. त्या सहा सुभ्यांत खानदेश हा एक सुभा होता. मराठ्यांच्या बाबी वजा जाऊन जो वसूल बादशहाच्या किंवा पुढें निजामाच्या पदरीं पडावयाचा, त्यास मोगलाई अंमल म्हणत. म्हणजे मोगलाई हें जमाखर्चांतील एका सदराचें नांव झालें.

चौथाईचेहि पुन्हां वांटे होते. शंभर भागांपैकीं २५ बाबती म्हणून राजाचे, ६ साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, ३ नाडगौडा म्हणून छत्रपति ज्यांस देतील त्यांचे, आणि राहिलेले ६६ मोकासा म्हणून सरदारांचे. एका गांवच्या वसुलांत इतक्या जणांचे हात असत कीं, कोणता रुपया कोणाचा हें नांवानेंच ओळखावें लागे. ती ओळख पटविण्याचें काम हे शब्द करीत. १७५२ सालीं भालकीच्या तहानें खानदेशाचा मोठा भाग निजामाकडून पेशव्यांकडे आला. त्यामुळें मोगलाई अंमल वसूल करणारा कमाविसदार पेशव्यांचाच माणूस झाला. तरी सदराचें नांव बदललें नाहीं. कारकून जुनें नांव सहसा टाकीत नाहीं, कारण नांव बदललें कीं मागील वर्षांचा ताळा लागत नाहीं. पेशव्यांच्या अंमलांतील ताळेबंदांत मोगलाई हा शब्द पाहून ‘येथें अजून मोगलांचें राज्य होतें’ किंवा ‘या गांवीं फार जुलूम होता’ असा तर्क करणें म्हणजे खतावणीच्या मथळ्यावरून सावकाराचा स्वभाव सांगण्यासारखें आहे.

स्वराज्याची गोष्ट याहून नाजूक आहे. दिल्लीकडे जी मागणी गेली तींत शिवछत्रपतींचा मुलूख स्वराज्य म्हणून परत मिळावा असें होतें. पण खानदेशांतील त्यांचीं ठाणीं त्यांतून वगळलीं होतीं व त्यांच्या ऐवजीं जुन्या मुलखास लागून पंढरपुरापर्यंतचे पूर्वेकडील परगणे मागितले होते. तेव्हां १७१९ च्या सनदी अर्थानें पाहतां खानदेश स्वराज्यांत मोडत नव्हता. हें वाक्य आजच्या भाषेंत उच्चारलें तर ऐकणाऱ्यास तो खानदेशाचा अपमान वाटेल, आणि कोणी रागावून उलट पुरावेहि काढील. वस्तुतः अपमानाचा किंवा मानाचा येथें संबंधच नाहीं. एका वर्षीं एका सनदेंत एका शब्दाखालीं कोणते परगणे लिहिले एवढाच प्रश्न आहे. दादाभाई नौरोजींनीं १९०६ सालीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत स्वराज्य हें ध्येय म्हणून सांगितलें, आणि १९३६ च्या डिसेंबरांत याच खानदेशांत फैजपूर येथें, राष्ट्रीय सभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं झालें, तेव्हां हजारों लोक त्याच शब्दासाठीं जमले. शब्द तोच, अर्थ निराळा. नवा अर्थ खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शब्दास नवा अर्थ देण्याचा लोकांस अधिकारच आहे. पण फैजपूरचा अर्थ घेऊन १७१९ ची सनद वाचतां येत नाहीं, आणि १७१९ ची सनद दाखवून फैजपूरच्या लोकांस खोटें पाडतां येत नाहीं.

गनीम व खंडणी यांविषयीं थोडक्यांत लिहितों. गनीम हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ शत्रु. मोगल दरबारच्या फारसी कागदांत गनीम म्हणजे बहुधा मराठे. मराठी पत्रांत गनीम म्हणजे जो समोर उभा असेल तो. कधीं मोगल, कधीं हबशी, कधीं आपल्याच बाजूचा परंतु त्या मोहिमेपुरता उलटलेला सरदार. आज गनिमी कावा हा मराठ्यांच्या अभिमानाचा शब्द आहे, आणि तो शत्रूनें ठेवलेल्या नांवावरून आला आहे याची आठवणहि राहिलेली नाहीं. बऱ्हाणपूर किंवा औरंगाबाद येथून निघालेल्या अखबाराचें मराठी भाषांतर हातीं आलें असतां, त्यांतील गनीम कोण हें पत्र कोठून निघालें यावरूनच ठरवावें लागतें. खंडणीचेंहि तसेंच. खंडून घेणें म्हणजे वादाची रक्कम तोडून ठोक आकडा ठरविणें. त्यावरून खंडणी ही ठरलेली रक्कम. ती तलवारीच्या धाकानें ठरे हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण तहाचा कागद, हप्ते, पावती व ओलीस हें सर्व तिच्या मागें असे. आजच्या फौजदारी बातमींतील खंडणी म्हणजे चोरून, धमकी देऊन उकळलेला पैसा. जुन्या पत्रांतील शब्द घेऊन आजच्या कोर्टांतील अर्थ त्यास चिकटवावयाचा, आणि मग एका साऱ्या काळास गुन्हेगार ठरवावयाचें, हा वाद आम्हीं अनेकदां ऐकला आहे. त्याचें उत्तर देणारेहि बहुधा चुकतात, कारण ते खंडणी घेतलीच नाहीं असें म्हणूं लागतात.

‘शाही’ या प्रत्ययाविषयीं एक नोंद येथें करून ठेवावीशी वाटते. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही यांत तो घराणें सांगतो. पुढें शिंदेशाही पेंढारी व होळकरशाही पेंढारी असे दोन भेद कागदांत दिसतात. तेथें तो केवळ कोणाच्या पदराखालचे एवढेंच सांगतो. त्यानंतर नोकरशाही, भांडवलशाही, हुकूमशाही, लोकशाही अशी प्रजा वाढत गेली, आणि आतां तर कोणत्याहि नामास हा प्रत्यय लावला कीं दूषण तयार होतें. होळकरशाही पेंढारी या शब्दांत होळकरांची निंदा नाहीं व स्तुतिहि नाहीं. तो शब्द वाचून होळकरांच्या राज्यास पेंढारशाही म्हणणारे लेखक आम्हांस आढळले आहेत. प्रत्ययाच्या उलट्या प्रवासाचा याहून चांगला मासला मिळणें कठीण.

इथवर जो घोटाळा सांगितला तो शाईचा होता. शब्दाच्या घोटाळ्यानें माणूस मरतो याचें उदाहरण खानदेशांतच आहे. तापीच्या कांठीं शिरपूर तालुक्यांत थाळनेर गांव आहे. फारुकी सुलतानांचें हें पहिलें ठाणें, आणि त्यांच्या कबरी अद्याप तेथें आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील किल्ला होळकरांकडे होता. १८१७ च्या २१ डिसेंबरास महिदपूर येथें होळकरांच्या फौजेचा सर टॉमस हिस्लॉप यानें पराभव केला, आणि ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें करार होऊन अल्पवयी मल्हारराव होळकरांच्या दरबारानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांस लिहून दिला. त्यांत खानदेशांतील महाल आले व त्यांबरोबर थाळनेरहि आलें. हिस्लॉप सेंधव्याच्या घाटानें खालीं उतरला. घाटावरील सेंधव्याचा किल्ला त्यास न लढतां मिळाला. २७ फेब्रुवारीस तो थाळनेरासमोर आला तेव्हां मात्र किल्ल्यांतून गोळी सुटली.

त्या दिवशीं काय घडलें याची हकीगत इंग्रज अधिकाऱ्यांनींच लिहून ठेवली आहे, व दुसऱ्या बाजूचें तोंड बंद झालें असल्यामुळें तीवरच भिस्त ठेवणें भाग आहे. सकाळीं किल्लेदारास पत्र पाठवून बजाविण्यांत आलें कीं, किल्ला न दिल्यास तुम्हांस बंडखोर समजण्यांत येईल. मग तोफा लागल्या, बाहेरील दरवाजे फुटले. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन हिस्लॉपच्या लोकांच्या स्वाधीन झाला. आंतल्या शेवटच्या दरवाजाशीं अरब शिबंदीशीं बोलणें चाललें होतें. दिंडी उघडली, कांहीं इंग्रज अंमलदार थोड्या माणसांनिशीं आंत गेले, आणि तेथें एकाएकीं हत्यार चाललें. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर हे ठार झाले. अरबांना इंग्रजांची भाषा कळत नव्हती व इंग्रजांना अरबांची. बोलणें फसलें कीं दगा झाला हें त्या दिंडीत उभे असलेल्यांसहि सांगतां आलें नसतें. त्यानंतर फौज आंत घुसली व सुमारें ३०० शिबंदी कापली गेली. त्याच सायंकाळीं किल्लेदारास फांशी देण्यांत आलें.

फांशीचें कारण हिस्लॉपनें आपल्या खलित्यांत दिलें आहे, व तें बारकाईनें वाचण्यासारखें आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मागाहून जो दगा झाला त्यांत किल्लेदाराचें अंग असो वा नसो, मूळ बंडाबद्दलच ही शिक्षा त्यास योग्य होती. म्हणजे दिंडीतील कृत्य त्याच्या माथीं मारण्याची गरजच उरली नाहीं. बंडखोर हा एक शब्द पुरला.

आतां हा बंडखोर कोणाचा? याचीं तीन उत्तरें संभवतात. होळकरांनीं किल्ला देण्याचा हुकूम केला असून त्यानें तो मानला नाहीं, म्हणून तो होळकरांचा बंडखोर म्हणावा. तसें असेल तर त्यास शिक्षा देणें होळकरांच्या हातचें होतें. करारानें थाळनेर इंग्रजांचें झालें, म्हणून तो इंग्रजांचा बंडखोर म्हणावा; पण ज्यानें इंग्रजांचें मीठ खाल्लें नाहीं, ज्याच्या किल्ल्यावर त्यांचें निशाण लागलें नाहीं, तो ५२ दिवसांपूर्वींच्या एका दूरच्या कागदानें त्यांची रयत कसा होतो हें आधीं दाखवावें लागेल. तिसरें उत्तर असें कीं, तो कोणाचाच बंडखोर नव्हता; किल्ल्यांत राहून लढलेला परपक्षाचा शिपाई होता, आणि स्वाधीन झाल्यावर कैदी होता. या तीन उत्तरांचे परिणाम अगदीं निराळे आहेत. नुसत्या शब्दानें तिन्ही एकत्र मिसळलीं, व कोणाविरुद्ध हा प्रश्न विचारण्यास त्या सायंकाळीं कोणी उरलें नाहीं. तो प्रश्न पुढें विलायतेस विचारला गेला. १८१९ च्या मार्चांत पार्लमेंटांत फौजेच्या आभाराचा ठराव आला असतां थाळनेरच्या फांशीवर टीका झाली, आणि हे आभार त्या फांशीस लागू समजूं नयेत असें स्पष्ट करून मगच ठराव झाला. किल्लेदारास मरून त्या वेळीं एक वर्ष होऊन गेलें होतें.

याच्या उलट चूकहि तितकीच सोपी आहे. आज कोणी या किल्लेदारास राष्ट्रवीर म्हणावयास निघाला तर तोहि तेंच करीत आहे जें हिस्लॉपनें केलें. किल्लेदारानें गोळी कां चालविली? धन्याच्या निष्ठेनें, हुकूम खरा वाटला नाहीं म्हणून, कीं शिबंदी त्याच्या ऐकण्यांत नव्हती म्हणून? अरब शिबंदीचे चढलेले पगार हा त्या काळच्या खानदेशांतील नित्याचा प्रश्न होता, व पगार चुकता झाल्यावांचून किल्ला सोडावयाचा नाहीं हा त्यांचा नित्याचा शिरस्ता. होळकरांच्या चाकरीस राष्ट्र हा शब्द लावून त्या प्रश्नांचीं उत्तरें मिळत नाहींत. उलट ते विचारावयाचे राहून जातात.

थाळनेरच्या पुढील चाळीस वर्षांत खानदेशांत बंड हा शब्द फार स्वस्त झाला. भिल्ल लोकांच्या बाबतींत तर तो जवळजवळ जातीचें नांव होऊन बसला. गांवकागदांत जागल्या म्हणून ज्याचा हक्क लिहिलेला असे, रात्रीं गांव राखण्याचें काम ज्याचें असे, तोच भिल्ल, हक्क बंद पडून डोंगरांत गेला कीं जिल्ह्याच्या कागदांत दंगेखोर म्हणून उमटे. १८०२ सालची होळकरांची धामधूम व त्यामागून आलेला दुष्काळ यांनीं खेडीं ओस पडलीं, आणि ओस गांवास जागल्या कोण ठेवणार? इंग्रज अधिकाऱ्यांस हें लौकरच उमगलें असावें. कारण १८२५ सालीं भिल्ल एजन्सी स्थापन करून धरणगांवास औट्रम याच्या हाताखालीं भिल्लांचीच पलटण उभारण्यांत आली. कालचे दंगेखोर शिपाई झाले. माणसें तीं, डोंगर तेच. नातें तेवढें बदललें.

खाज्या नाइकाच्या चरित्रांत हा शब्दांचा फेरा पुरा दिसतो. सेंधव्याच्या घाटाची वाट राखण्यासाठीं सरकारनेंच त्यास नेमलें होतें. तेव्हांच्या कागदांत तो नाईक. पुढें चाकरी गेली. १८५७ च्या नोव्हेंबरांत त्याच घाटांत सुमारें सात लक्षांचा खजिना लुटला गेला. तेव्हां तो दरोडेखोर. १८५८ च्या एप्रिलांत अंबापाणी येथें भिल्ल, मकराणी व अरब असे मिळून इंग्रज फौजेशीं लढले. तेव्हांपासून तो बंडवाला. स्वातंत्र्यानंतर तो स्वातंत्र्यवीर झाला. यांतील कोणतेंहि नांव आम्ही खोडूं इच्छीत नाहीं. पण नाईक असलेला मनुष्य दरोडेखोर कसा झाला, म्हणजे चाकरी कां गेली, हक्क कोणते होते व ते कोणीं घेतले, हें विचारण्याची पाळी आली कीं दोन्ही पक्ष आपापला शब्द पुढें करून उठून जातात. अंबापाण्याच्या अभ्यासास जे कागद हवेत ते घाटाच्या नेमणुकींचे, हक्कांच्या याद्यांचे व तनख्यांचे. आणि ‘बंड’ अशी चिठ्ठी नसल्यामुळें तेच रुमाल सोडावयाचे राहतात.

१८५२ सालचें प्रकरण याहून कमी ऐकिवांत आहे. जमिनीची नवी पैमाश सुरू होतांच सावदा, फैजपूर व एरंडोल या बाजूस कुणब्यांचे मोठे जमाव जमले व मोजणी बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. कलेक्टरानें फौजेच्या मदतीनें पुढाऱ्यांस पकडलें आणि जमाव मोडले. अधिकाऱ्यांच्या लेखीं हें बंडच. त्या कुणब्यांस राज्य उलथावयाचें नव्हतें; सांखळी पडली कीं सारा वाढणार एवढें त्यांस दिसत होतें. ज्या फैजपुरास त्या वर्षीं मोजणीदार नको होता, तेथेंच चौऱ्याऐशीं वर्षांनीं स्वराज्याचें अधिवेशन झालें, म्हणून १८५२ च्या जमावास स्वराज्याची पहिली लढाई म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा असें आम्हांस वाटतें. साऱ्याचा तंटा हा साऱ्याचा तंटा म्हणूनच पुरेसा महत्त्वाचा आहे.

राजद्रोह व देशद्रोह यांविषयीं येथें फार लिहीत नाहीं, कारण तो विषय वर्तमानपत्रांचा झाला आहे. एवढेंच सांगावयाचें कीं, १८७० सालीं दंडसंहितेंत जें १२४-अ कलम घातलें तें सरकाराविषयीं अप्रीति उत्पन्न करण्याचें होतें. त्यानुसारच लोकमान्य टिळकांस १८९७ व १९०८ सालीं शिक्षा झाल्या. मराठींत त्यास राजद्रोह म्हटलें गेलें, व १९०८ नंतर तो शब्द महाराष्ट्रांत शिवी राहिला नाहीं. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली व त्या कलमाचें जुनें नांवहि गेलें. वादांत मात्र राजद्रोह व देशद्रोह हे एकच समजून वापरले जातात. एकांत सरकाराशीं नातें आहे, दुसऱ्यांत देशाशीं. या दोन नात्यांचा भेद वाद करणाऱ्यांस आठवत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, व तो गैर नाहीं. सर्व शब्द जर नात्याचेच, तर मग कोणी फितूर नव्हताच काय, दगा कोणीं केलाच नाहीं काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. पैसे घेऊन दरवाजा उघडणारे होते. दोन दरबारांचे तनखे एकाच वेळीं खाणारेहि होते. तेथें फितूर हाच शब्द नेमका आहे, कारण तेथें नातें दाखवितां येतें : अमक्याचा चाकर, अमक्या तारखेस, अमक्याकडून अमुक रक्कम. जेथें ही त्रयी दाखवितां येत नाहीं, तेथें कृत्य तेवढें सांगावें. थाळनेरच्या दिंडीत दोन अंमलदार मारले गेले हें कृत्य आहे. किल्लेदार स्वाधीन झाल्यावर त्यास फांशी दिलें हेंहि कृत्य आहे. त्यांस विशेषण लावण्याची घाई वाचक करील. संशोधकानें करूं नये.

आतां संग्राहकांच्या कामाचें थोडें. रुमालावर जी चिठ्ठी लावली जाते ती पन्नास वर्षें त्या रुमालाचें भवितव्य ठरविते. ‘बंडाचे कागद’ अशी चिठ्ठी असली कीं दहाजण तो रुमाल सोडून पाहतात. ‘किरकोळ हक्क व तनखे’ असें लिहिलें कीं तो कसरीच्या वांट्यास जातो. कागद विकणाऱ्यांसहि हें समजलें आहे. कोणत्या शब्दानें मोल चढतें हें ते आपल्याहून लौकर ओळखतात. दुसरी गोष्ट घराण्यांच्या दप्तरांची. पूर्वजाच्या नांवापुढें फितव्याचा शब्द आला म्हणजे पुढील पिढी तो कागद दाखविण्यास कचरते, आणि न दाखविलेला कागद एक दिवस माळ्यावरून चुलींत जातो. अशा घरीं जाऊन ‘हा शब्द शिवी नाहीं, दुसऱ्या दरबारच्या कारकुनानें आपल्या बाजूनें केलेली ती नोंद आहे’ एवढें समजावून सांगितल्यास दप्तर वांचण्याचा संभव असतो. आमच्या मतें कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या बावीस खंडांचा मोठा उपयोग हाच कीं, कागदाचा शब्द कागदाच्या तोंडूनच वाचावयास मिळतो. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यास निवर्तले व त्यांच्या मागें त्यांच्या नांवाच्या मंडळानें संग्रह सांभाळला. त्या पाठांवर आपल्या काळचीं विशेषणें चढविणें म्हणजे केलेलें काम उलटें फिरविणें होय.

म्हणून यादी करतांना आम्ही एक साधी रीत सुचवितों. कागदांतील राजकीय शब्द जसाचा तसा अवतरणांत लिहावा. तो कोणाच्या लेखणींतून आला तें त्यापुढें लिहावें. ज्याच्याविषयीं लिहिला त्याची त्या दिवसाची चाकरी किंवा वतन लिहावें. आणि दोन राजवटींच्या सांध्यावरील कागद असल्यास तहाची तारीख व कागदाची तारीख यांमधील अंतर नोंदावें. यादीकाराचें स्वतःचें मत असेल तर तें निराळ्या रकान्यांत, स्वतःच्या सहीनें असावें. थाळनेरच्या प्रकरणाचा एखादा कागद कोणाच्या संग्रहीं आला, तर त्याच्या चिठ्ठीवर एवढा मजकूर पुरे होईल : ‘थाळनेरचा किल्लेदार, होळकरांकडील; इंग्रज सेनापतीच्या खलित्यांत “बंडखोर”; मंदसोरच्या करारानंतर ५२ वा दिवस.’